हललेल्या फोटोंचा आळ

मित्रांनो, कॅमेऱ्याच्या दुकानात सगळ्यात खालच्या फळीवर बसणारे छोटे, हलके कॅमेरे तुम्ही पाहिले असतील. 'नुकतंच शिकताय ना? मग हाच घ्या,' असं दुकानदार ज्यांच्याबद्दल सांगतो, ते. त्यांतलाच मी एक मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला कॅमेरा, आता चांगलाच जुना झालेला. 'शिकाऊंचा कॅमेरा' म्हटलं की मला अजूनही राग येतो. पण आज मी माझा मानापमान सांगायला बसलेलो नाही. मला तोंड नाही म्हणून एका माणसाचं फार मोठं नुकसान झालं. ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय माझ्या जिवाला चैन पडणार नाही.

माझा जन्म एका लख्ख कारखान्यात झाला. हातमोजे घातलेल्या माणसांनी मला जोडलं. शेजारच्याच पट्ट्यावर माझी मोठी भावंडं तयार होत होती, आणि त्यांच्या पोटात जे भरलं जात होतं त्यातलं निम्मंही माझ्या वाट्याला आलं नाही. त्यांना कार्ड ठेवायला दोन खाचा, मला एक. त्यांची बॅटरी दिवसभर पुरते, माझी दुपारीच मान टाकते. त्यांच्या अंगावर चार शिंतोडे उडाले तरी चालतात, मला साध्या धुळीची धास्ती. आणि एक मोठा फरक नीट लक्षात ठेवा. त्यांच्या आत चित्र टिपणारा जो तुकडा असतो, तो तरंगता बसवलेला असतो. धरणाऱ्याचा हात हलला की तो तुकडा तेवढाच सरकून सांभाळून घेतो, आणि फोटो स्वच्छ येतो. माझ्यात तो घट्ट बसवलेला आहे. हात हलला की मी हललो, मी हललो की फोटो हलला. मला झाकाझाकी येतच नाही.

मला घेतलं एका स्टुडिओवाल्याने. जिना चढून गेलं की दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत त्याची लेक संगणकावर फोटो साफसूफ करायची, आतल्या खोलीत तो काढायचा. ओळखपत्राचे फोटो, कुटुंबांचे फोटो, दहा दिवसांची तान्ही बाळं. त्याच्या धंद्यातले लोक त्याला 'खांब' म्हणायचे. कारण मला हातात धरून तो उभा राहिला की खरोखर खांब! श्वाससुद्धा दिसायचा नाही. मंद उजेडात, तिपाईशिवाय, झोपलेल्या बाळाच्या पापण्या मोजता येतील असे फोटो त्याने माझ्याकडून काढून घेतले. लोक म्हणायचे, "अरे, या डबड्यातून एवढं कसं काढतोस?" तो म्हणायचा, "डबडं म्हणू नका हो. माझ्या हाताला बसलंय ते." काय सांगू मित्रांनो, तेव्हा माझी छाती केवढी फुगायची.

सहा वर्षं अशी गेली. मग एका सकाळी एका आजीबाईंचा फोटो काढताना त्याचा उजवा हात हलला. अगदी जरासा. मला कळलं, कारण मी त्याच हातात होतो. त्याने पडद्यावर फोटो मोठा करून पाहिला, कपाळाला आठी घातली आणि फोटो पुसून टाकला. दुसरा काढला. तो बरा आला.

आता ऐका, आमच्या धंद्यात एक नियम असतो. कॅमेऱ्यात फोटो पुसायचा नाही. आधी संगणकावर उतरवायचा, मोठ्या पडद्यावर बघायचा, मग ठरवायचं. हा नियम लेकीला त्यानेच शिकवला होता, आणि आता तोच तो मोडत होता. आठवड्याभरात रोज पाच-सहा फोटो, महिन्याभरात रोज वीस. माझ्या पोटात रोज पुरावा जमायचा आणि लेकीच्या नजरेस पडण्याआधीच पुसला जायचा. मी आतल्या आत तडफडायचो. अहो, पुसू नका! दाखवा तिला!

एकदा मात्र माझी आशा पालवली. आमच्या प्रत्येक फोटोला ओळीने आकडा पडतो. लेकीने कार्ड संगणकाला लावलं आणि आतल्या खोलीकडे तोंड करून हाक मारली, "बाबा, हे काय? एकवीसनंतर एकदम सत्तावीस? मधले कुठे गेले?"

मी म्हटलं, आता सुटलो!

"लोक डोळे मिटतात गं," तो म्हणाला. "उगाच तुझ्या डोक्याला ताप कशाला, म्हणून काढून टाकले."

ती हसली आणि कामाला लागली. तिचं तरी काय चुकलं? बापाच्या हाताला 'खांब' म्हणतात, हे ऐकतच ती मोठी झाली होती.

मला मात्र दिसत होतं. शर्टाची बटणं लावायला त्याला वेळ लागायचा, म्हणून तो गळ्यातून घालायचे सदरे वापरू लागला. "बाबा, तरुण झालात की!" लेक चिडवायची. लेन्स बसवताना खूण जुळवणं त्याला जमेना, धातूवर धातू घासून माझ्या कडेवर ओरखडे उठले. फोटो काढताना तो कोपर पोटाशी दाबून धरायचा, दाराच्या चौकटीला टेकायचा. खांबालाच टेकू लागला, मित्रांनो. आणि एके दिवशी, एका बाळाचे सगळेच्या सगळे फोटो हलले तेव्हा, तो मला टेबलावर ठेवून म्हणाला, "गेला हा कॅमेरा कामातून."

नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण तुम्हाला लगेच आठवली असेल. मला ती त्याला लावावीशी कधीच वाटली नाही. त्याला नाचता येत होतं हो, उत्तम येत होतं. पायच साथ देईनात, आणि ते कबूल करायची त्याला भीती वाटत होती. हात गेला तर पोट कसं भरायचं, लेकीचं कसं व्हायचं? त्यापेक्षा कॅमेरा गेला म्हणणं सोपं होतं. आळ माझ्यावर आला, तर येऊ दे. पण त्या आळामागे त्याचं दुखणं लपलं, हे मला सहन होईना.

मग मोठा कॅमेरा आला. माझ्या दुप्पट वजनाचा, दोन खाचांचा, तरंगत्या तुकड्याचा. पहिल्याच दिवशी फोटो असे स्वच्छ आले की लेकीने टाळ्या वाजवल्या. "बघितलंत? जुन्यालाच रोग झाला होता!" खांबही हसला, कितीतरी महिन्यांनी. आकडे पुन्हा ओळीने पडू लागले. मला खणात टाकलं, जुन्या वायरींच्या गुंत्यात.

मित्रांनो, अडगळीत पडल्याचं दुःख असतं, नाही म्हणत नाही. पण मला दुसरीच धास्ती होती. आता हात कितीही हलला तरी कुणाला कळणार नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत मोठा कॅमेरा माझ्या खणावरच ठेवलेला असायचा. मी त्याच्या अक्षरशः विनवण्या केल्या. "बाबा रे, एक फोटो हलू दे. फक्त एक! तिला दिसू दे!" तो बिचारा वाईट नव्हता. म्हणाला, "मला हात सांभाळायला केलंय. मी सांभाळतो. दुसरं मला येत नाही." बरोबरच होतं त्याचं. मी हात टेकले.

असं एक वर्ष गेलं. पूर्ण एक वर्ष! मी त्या खणात एकेक दिवस कसा काढला ते माझं मला माहीत.

शेवटी मला विकायचं ठरलं. शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या एक बाई मला बघायला आल्या. खांब सचोटीचा माणूस. त्याने आधीच सांगितलं, "बाई, फसवणार नाही तुम्हाला. यात फोटो हलतात. शिकायला ठीक आहे."

बाईंनी मला उचललं आणि भिंतीवरच्या घड्याळाचे चार फोटो काढले. लेकीने ते संगणकावर लावले. चारही स्वच्छ. काट्यांवरची धूळसुद्धा दिसत होती.

"कुठे हलतात?" बाई म्हणाल्या.

"थांबा, दाखवतो." खांबाने मला घेतलं. तोच उजेड, तीच लेन्स, तेच घड्याळ. चार फोटो काढले. एका घड्याळाची दोन घड्याळं झाली होती.

लेकीने मला त्याच्या हातातून घेतलं आणि स्वतः चार काढले. स्वच्छ. ती एकदा पडद्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत राहिली. त्याने मला परत ओढून घेतलं, सवयीने अंगठा पुसायच्या बटणाकडे नेला, आणि बटण त्याला सापडेचना. अंगठा नुसता माझ्या पाठीवर इकडे तिकडे फिरत राहिला. तिने त्याचं मनगट धरलं.

"बाबा, कधीपासून?"

"कॅमेरा जुना झालाय गं…"

"बाबा!"

तो खुर्चीत बसला. "दोन वर्षं होत आली," म्हणाला. "मला वाटलं, जाईल आपोआप."

बाई हळूच उठून गेल्या. लेक रडत होती. "मी चिडवत होते तुम्हाला. सदऱ्यांवरून चिडवत होते," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

पुढचं मला त्यांच्या बोलण्यातून कळलं. मानेच्या मणक्यात मज्जारज्जू दबला होता. शस्त्रक्रिया झाली. आता दुखणं वाढणार नाही म्हणे. पण हातातून जे गेलं ते परत येईलच, याची हमी डॉक्टरांनी दिली नाही. "हात पहिल्यांदा हलला, तेव्हाच का नाही आलात?" असं त्यांनी विचारलं. ते वाक्य लेकीने स्टुडिओत बोलून दाखवलं आणि मला वाटलं, माझे तुकडे तुकडे व्हावेत. पहिल्यांदा हलला तेव्हाच तर मला कळलं होतं!

मला विकलं नाही. मोठा कॅमेरा आता लेक वापरते. मला मात्र रोज सकाळी ती त्याच्या हातात देते. खिडकीच्या गजांचे दहा फोटो काढायचे, ही त्याची कसरत. एकही पुसायचा नाही, ही तिची अट. ती ते ओळीने लावून बघते, तो मान खाली घालतो, ती म्हणते, "असू दे. उद्या पुन्हा." आज दहाही हलले. काल एक बरा होता, असं तिला वाटलं. मला तसं वाटलं नाही, पण मी कुठे बोलू शकतो?

म्हणून तुम्हाला विनवतो, मित्रांनो. तुमच्या घरात कुणी म्हणालं, की ही कात्री बिघडली, हे पेन नीट चालत नाही, हा कप सारखा निसटतो, तर ती वस्तू तुम्ही स्वतः एकदा हातात घेऊन बघा. ती खरंच बिघडली असेल, तर खुशाल टाकून द्या, आमचं काही म्हणणं नाही. पण तुमच्या हातात ती नीट चालली, तर तिला तिथेच ठेवा आणि धावत जाऊन त्या माणसाचा हात धरा. त्याच दिवशी धरा.