श्रीक्षेत्र लँकेस्टर

“घास तोंडात गेला की शब्द बंद. मग समोर ब्रह्मदेव येऊन उभा राहिला तरी बोलायचं नाही,” असं सासूबाईंनी सांगून ठेवलं होतं. सासूबाई गेल्या. सुनेत्राबाई पुण्याहून लेकीकडे, पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेजला आल्या. पण चातुर्मासातलं भोजनमौन काही सुटलं नाही. तशा त्या एरवीही बोलायच्या हळूच. त्यामुळे त्या जेवताना गप्प असतात हे कुणाच्या लक्षातच येत नसे, आणि येत नाही याचं त्यांना थोडं वाईटही वाटे.

यंदा मात्र त्या नको तिथे बोलून बसल्या होत्या. मागच्या सत्संगात कुणीतरी इथल्याच लँकेस्टर गावाला जाऊन आल्याचं सांगत होतं आणि बाईंना एकदम स्फुरलं. चेस्टर काय, केस्टर काय, म्हणजे क्षेत्रच. जसं क्षेत्र नरसोबावाडी, तसं मँचेस्टर. लँकेस्टर तर उघड उघड लंकाक्षेत्र. सगळे त्यांच्याकडे बघू लागले. आपण विदुषी आहोत असं बाईंना आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं. मराठी मंडळाचे अध्यक्ष गुरुनाथराव म्हणाले, “ताई, हे गणपतीच्या स्मरणिकेत आलंच पाहिजे.” घरी येऊन बाईंनी नकाशात आणखी क्षेत्रं हुडकली. ग्लॉस्टरचं काही जमेना, तेव्हा ग्लॉस्टर सोडून दिलं.

रविवारी मंडळाचं पॉटलक होतं, म्हणजे ज्याने त्याने घरून एकेक पदार्थ आणायचा. लेक लॅबमध्ये अडकलेली, म्हणून तिची रूममेट केया सोबत निघाली. केया इथेच जन्मलेली, युनिव्हर्सिटीत लॅटिन शिकवणारी. बसमध्ये मसालेभाताचं पातेलं मांडीवर सांभाळत ती म्हणाली, “मावशी, डोंट माइंड हं. पण चेस्टर लॅटिनमधून आलंय. कास्त्रा. म्हणजे रोमन आर्मीचा कॅम्प. रोमन ब्रिटनमध्ये गेले, कॅम्प टाकले, तिथे गावं झाली. रोमन परत गेले, नावं राहिली. मग इंग्लिश लोक इकडे आले आणि आपल्या गावांची नावं इथे देऊन टाकली.”

“आणि क्षेत्र?”

“त्याचा संबंध नाही.”

“थोडासाही नाही?”

“सॉरी, मावशी.”

“बरं, लंका तरी?”

“ती लून नावाची नदी आहे. लूनच्या काठचा कॅम्प.”

बाईंना हसूच आलं. “अगं, माझा जन्म पुण्याच्या लष्कर भागातला. कॅम्पच म्हणतात त्याला. म्हणजे हे इंग्रज पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या छावणीत राहिले आणि पुण्यात येऊन स्वतःची टाकली. आणि मी बसलेय क्षेत्र शोधत.”

“धिस इज सो गुड, मावशी. हे लिहा ना स्मरणिकेत.”

“लिहीन. आधी आज सगळ्यांना सांगते. आपल्या तोंडाने.”

“प्रॉमिस?”

“प्रॉमिस.”

हॉलमध्ये शिरताच एका नव्या सूनबाईंनी वाकून नमस्कार केला. “ताई, तुमचं ते क्षेत्राचं मी माहेरी सगळ्यांना पाठवलं.” बाईंचा धीर तिथेच खचला. जेवण झाल्यावर सांगू, असं म्हणून त्यांनी पहिला घास घेतला. मौन सुरू झालं आणि खरं सांगायचं तर हायसं वाटलं.

तेवढ्यात गुरुनाथरावांनी माइक घेतला आणि लेखाची घोषणा केली. केयाने बाईंकडे पाहिलं, वाट पाहिली, मग स्वतःच म्हणाली, “काका, ॲक्चुअली तो लॅटिन वर्ड आहे.”

“बेटा, तुम्ही इकडे वाढलेली मुलं. आपलं काही चांगलं निघालं की तुम्हाला ते लॅटिन वाटतं.” लोक हसले. “ताई समोर बसल्यात. चूक असती तर त्यांनी सांगितलं नसतं का? काय ताई? तोंडात घास असेल तर मान हलवा.”

बाईंनी मान हलवली. हो नाही आणि नाहीही नाही, अशी. लोकांनी आपल्याला हवं ते घेतलं आणि टाळ्या वाजवल्या. केया खाली मान घालून काकडीच्या कोशिंबिरीतले दाणे वेचू लागली.

ताट संपत आलं तशी बाईंनी हाताने खूण करून आणखी भात मागितला. तो संपला, पुन्हा मागितला. एरवी दोन फुलक्यांत भागवणारी ही बाई. इतकं पोटभर व्रत त्यांनी कधीच केलं नव्हतं. वाढणारी म्हणाली, “ताई, भात आवडलेला दिसतोय.” भात त्यांचा स्वतःचाच होता आणि मीठ कमी पडलं होतं.

केया उठली. पर्स खांद्याला लावून जवळ आली. “मावशी, मी आधीच्या बसने जाते. तुम्ही गुरुनाथकाकांच्या गाडीतून या.” आवाजात राग नव्हता. तेच बाईंना जास्त लागलं. रागावली असती तर तिची समजूत काढता आली असती. ही पोर तर त्यांना सोडून देत होती.

बाईंनी ताटाकडे पाहिलं. अन्न टाकणं पाप. पण आज पापांची गर्दीच इतकी होती की आणखी एकाने फारसं बिघडणार नव्हतं. त्यांनी तोंडातला घास गिळला, वर पाणी घेतलं, ताट भातासकट बाजूला सरकवलं.

“थांब गं जरा,” त्या केयाला म्हणाल्या. शेजारची बाई दचकून बघू लागली. सुनेत्राबाईंनी पदराला हात पुसले आणि खुर्च्यांच्या मधून वाट काढत, कुणाला धक्का लागू न देता, त्या माइककडे निघाल्या.