काठी, कान आणि ताप

तबेल्याच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. काठीवाले महाराज एकेका घोड्यापाशी थांबत, त्याच्या कानावरून मायेने हात फिरवत, डोळे मिटत. हातातली काठी झुकली की तिथे आजार येणार. आठवड्यापूर्वी ती तीन घोड्यांपुढे झुकली होती. चार दिवसांनी त्या तिन्ही घोड्यांचे डोळे सुजले, दोन दगावले.

माझ्या घोडीपुढे काठी हलली नाही.

"नाल्याकडची ही रांग सुखरूप आहे, ताई. दिवेलागणीला दिवा लावा, दार सताड उघडं ठेवा. कृपा आत आली पाहिजे."

जप झाल्याशिवाय मी तोंडात पाण्याचा थेंब घेत नाही. मी हात जोडले.

"कृपेचं ठाऊक नाही, चिलटं मात्र येतील," गुरांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आजार तीच पसरवतात. ओल्या लिदीत वाढतात, अंधारून आलं की चावतात. नाल्याकाठी सगळं ओलंच आहे. पुढची पाळी याच रांगेची."

"मग काठी खरी कशी ठरली?" नालबंदाने टोमणा मारला.

"सुजेच्या आधी ताप येतो. तुम्ही सूज दिसेपर्यंत घोडा ठणठणीत समजता. तापलेला कान हाताला कळतो की."

माझे जोडलेले हात सुटले.

"महाराज, हात न लावता सांगा," मी म्हणाले.

"स्पर्शाविना शक्ती बोलत नाही, ताई."

"काठीत आहे म्हणालात ना? मग हात मागे बांधून काठी काखेत धरा."

लोक हसले, तशी महाराजांना माघार घेता येईना. आम्ही त्यांना पलीकडच्या रांगेत नेलं; तिथले घोडे डॉक्टरीणबाईंनी सकाळीच थर्मामीटरने तपासले होते. आकड्यांचा कागद नालबंदाच्या खिशात होता. काठी तापाने फणफणलेल्या तट्टाला ओलांडून गेली आणि नालबंदाच्याच धडधाकट घोड्यापुढे झुकली. त्याने कागद पाहिला, मग महाराजांकडे.

"माझ्या घोड्याला काय झालंय, बुवा?"

महाराजांना तातडीचं काम आठवलं.

"शाप लागेल," सासूबाई घरी म्हणाल्या.

"लागू दे मला. घोडीला चिलट लागता कामा नये."

मी लीद उपसली, दारखिडक्यांना बारीक जाळी ठोकली आणि दिवेलागणीच्या आत दार लावून घेतलं. आमच्या रांगेत दोघांनी तरीही दिवे लावून दारं उघडी ठेवली. पंधरवड्यात त्यांचे घोडे सुजले. माझी घोडी उभी आहे.

देवावर माझी श्रद्धा होती, आजही आहे. पण जनावर मुकं असतं, त्याचा ताप आपणच मोजायचा असतो. कुणी भविष्य सांगू लागलं, तर त्याला आधी हात मागे घ्यायला सांगा.