मागच्या खोलीतल्या अन्नपूर्णाबाई

अन्नपूर्णाबाईंची शोकसभा दहाला होती. त्याआधीच नुंगंबाक्कमच्या मराठी मंडळात खुर्च्या मांडून झाल्या, मागे सांबाराला फोडणी बसली आणि अध्यक्ष सेतुमाधवराव दारात उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला हात जोडू लागले. कृष्णवेणी अण्णा नगरहून बसने आली. अन्नपूर्णाबाई तिच्या आत्या. आई गेल्यावर तिला त्यांनीच वाढवले होते.

ऐन तारुण्यात नवरा गेला, आणि अन्नपूर्णाबाई तंजावर सोडून मद्रासला भावाकडे आल्या. पुढे सारे आयुष्य त्यांनी मंडळातल्या घरांना वाटून टाकले. दर रविवारी व्हरांड्यात बसून तमिळ शाळेतल्या पोरांकडून बाळबोध गिरवून घेतले. कोणाची सून अडली, कोणाचा म्हातारा अंथरुणाला खिळला की पहिली हाक त्यांना. मयताच्या घरी त्या सगळ्यांच्या आधी पोचत आणि चूल पेटवूनच उठत. लग्ने जुळवत, पंगतीच्या स्वयंपाकावर देखरेख करत. मात्र नवरानवरीवर अक्षता पडायच्या वेळी त्या नाहीशा होत. कोणाला सांगावे लागत नसे. बायका म्हणत, "अक्कांना समज आहे की."

सेतुमाधवरावांची मुलगी तुळसी त्यांच्याच हातांवर जन्मली होती. टायफॉइडमध्ये तिच्या उशाशी त्याच बसल्या होत्या. कोईमतूरचे स्थळही त्यांनीच आणले. लग्न मंडळातच झाले, भर वैशाखात. वऱ्हाड दाराशी आले तेव्हा सेतुमाधवरावांची बायको सईबाई लगबगीने मागे आली.

"अक्का, मुहूर्त होईतो कोठीत बसा की. वरमाय भारी कडक आहे. समोर आलात तर अपशकुन म्हणेल."

"सरी, बसते," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. "मज काय, इथूनही ऐकू येतं."

कोठीला वर पत्रा होता, पलीकडे चुली. खिडकी नव्हती. त्या तांदळाच्या पोत्याला टेकून बसल्या. मागे दार लागले आणि बाहेरून कडी सरकली.

आपल्याकडे मद्रासेत मंगळसूत्र बांधताना नादस्वर आणि तविलाचा ढोल एकदम चढे वाजवतात. शिंकेसारखा एखादा अशुभ आवाजही वधूवरांच्या कानी पडू नये, म्हणून. त्या दिवशी वाजंत्र्यांनी कसर ठेवली नाही. कृष्णवेणी मांडवातच होती, तिनेही अक्षता टाकल्या. आत्यासाठी द्रोणात पायसम घेऊन ती मागे गेली तेव्हा तिला कडी दिसली.

आत आत्या जमिनीवर कलंडल्या होत्या. लुगडे घामाने भिजून अंगाला चिकटले होते, हात छातीवर होता.

"दार वाजवलं गं," त्या कशाबशा म्हणाल्या. "वाजंत्र्यांचा मेळ चालला होता."

तिसऱ्या दिवशी दवाखान्यात त्या गेल्या. त्याआधी भाचीचा हात धरून एवढेच म्हणाल्या, "कडीचं कोणाकडे काढू नको. पोरीच्या संसाराला बोल लागेल." कृष्णवेणीने मान हलवली होती.

म्हणून सभेत ती गप्प बसून राहिली. मंडळाचे चिटणीस गुरुराव म्हणाले, अन्नपूर्णाबाई अखेरच्या घटकेपर्यंत मंडळाच्या स्वयंपाकघरात राबल्या. सेतुमाधवराव म्हणाले, "मानाची हाव त्यांना कधी शिवली नाही. आपण होऊन मागे राहणं हाच त्यांचा मोठेपणा." शेवटी त्यांनी जाहीर केले, "मंडळानं ठरवलं आहे, मागच्या कोठीला त्यांचं नाव द्यायचं. दारावर पितळी पाटी लावू."

टाळ्या झाल्या. कृष्णवेणी उभी राहिली.

"त्या कोठीत आत्या राबत नव्हती," ती म्हणाली. "तिला तिथं कोंडलं होतं. बाहेरून कडी होती, ती मी माझ्या हातानं काढली. तुम्ही सगळे अक्षता टाकत होतात तेव्हा ती आतून दार वाजवत होती. मीही अक्षता टाकत होते. हे बोलू नको असं तिनं मला सांगितलं होतं. पण त्याच दारावर तुम्ही तिचं नाव लावणार असाल तर मला गप्प बसवत नाही."

"वेणी, ही जागा नव्हे हे बोलायची," सेतुमाधवराव हळू आवाजात म्हणाले. "आणि कोंडलं कोणी? वहिवाट आहे ती. त्यांनाही ठाऊक होती."

बायकांच्या बाजूला तुळसी उठली. अंगावर लग्नातली नवी साडी होती. तिने तमिळमध्ये विचारले, "कडी कोणी लावली?"

मग सईबाईंनी पदराने तोंड पुसले.

"मी. नुसतं दार ओढलं तर उघडतं. तुझ्या सासूनं त्यांना पाहिलं असतं तर भर मांडवात तमाशा झाला असता. मज काय ठाऊक, त्यांचा जीव असा घाबरा होईल?"

तुळसी आईकडे बघत राहिली. तिच्या नवऱ्याने मागून येऊन तिचे मनगट धरले आणि खालच्या आवाजात काही सांगितले. ती खाली बसली.

गुरुरावांनी घाईने जाहीर केले, पाने मांडली आहेत. मंडळी उठली. हात धुताना एक वृद्ध गृहस्थ कृष्णवेणीला म्हणाले, "खरं असेल बाई, पण चारचौघांत असं काढू नये." पंगत बसली. सांबार उत्तम झाले होते, असे पुष्कळांनी म्हटले. कृष्णवेणीने टेबलावरच्या आत्याच्या तसबिरीचा हार काढून ठेवला आणि तसबीर पोटाशी धरून ती न जेवता घरी गेली.

पाटी पुढच्याच आठवड्यात लागली.

महिन्याभराने गुरुरावांच्या मुलाचे लग्न निघाले. कृष्णवेणीला बोलावणे नव्हते. पण त्यांच्या विधवा आईला, हेमावतीबाईंना, 'घर राखायला' मागे ठेवणार असल्याचे तिच्या कानी आले. ऑफिसातून रजा घेऊन ती तांबरमला त्यांच्या घरी गेली. हेमावतीबाई ओसरीवर शेवग्याचा पाला निवडत बसल्या होत्या.

"मामी, नातवाच्या लग्नाला येणार ना?"

"मी घरी आहे की. कोणीतरी हवं."

"कुलूप आहे घराला. तुम्हाला यावंसं वाटतं का, ते सांगा."

म्हातारीचे हात थांबले. "लहानपणी माझ्याच कुशीत झोपायचा तो," ती म्हणाली. डोळे भरून आले तशी तिने मान फिरवली. "पण लाज वाटते गं. इतकी वर्षं गेली."

"मी सकाळी न्यायला येते. मांडवात नवऱ्या मुलाच्या जवळ बसू."

आत सून भांडी लावत होती. तिकडे एकदा बघून हेमावतीबाईंनी आवाज उतरवला.

"आणि कोणी ऊठ म्हणालं तर?"

"तर उठायचं नाही, मामी. मी शेजारीच असेन."