निवडीच्या दिवशीची सहल

आमच्या दूध संस्थेत अध्यक्षाची निवड जवळ आली की संचालक गावात दिसेनासे होतात. त्यांना सहलीला नेतात. कुणाला तुळजापूर, कुणाला महाबळेश्वर. फोन काढून घेतात आणि मतदानाच्या वेळेला गाडी थेट संस्थेच्या दारात आणून उभी करतात. एखादा संचालक परत आलाच नाही, तर तो विकला गेला असं गाव समजतं. बहुतेक वेळा गावाचं खरंच असतं.

माझ्या सुनेच्या बाबतीत ते खरं नव्हतं. हे मी नीट सांगू शकेन की नाही, याची मलाच खात्री नाही. मी शाळेत ग्रंथपाल होतो. दुसऱ्यांनी लिहिलेलं जागच्या जागी लावून ठेवणं, एवढंच मी आयुष्यभर केलं.

सून गंगासागर घाटनांदूरची. पुण्याला शिकताना तिला कडे चढायचा नाद लागला. माझा मुलगा शिवलिंग तिला तिथंच भेटला. लग्नानंतर दोघं गावी आले, पण नाद सुटला नाही. पाटोद्याच्या अलीकडच्या डोंगरात त्यांनी एक काळा कडा हेरला आणि त्यात ओळीनं लोखंडी बोल्ट ठोकले. महिन्यातून दोनदा मोटारसायकलला दोराची पिशवी बांधून नवराबायको निघायचे.

"मंदिर न्हाई, दर्गा न्हाई, मग त्या दगडावर कावून चढता गं?" गावातली मुक्ताबाई तिला विचारायची.

"वर गेल्यावर कुणी भाकरी मागत नाही, मावशी," ही सांगायची.

एकदा मीही बघायला गेलो होतो. चढणारा बोल्टात कडी अडकवत, त्यातून दोर ओवत वर जातो. दुसरा खाली उभा राहून दोर धरतो. वरच्याचा पाय निसटला तर खालच्याच्या हातावर त्याचा जीव.

सोळा सालच्या दुष्काळात गंगासागर महिलांच्या जागेवर संचालक झाली. अकरा संचालकांत अध्यक्षपदाला दोन नावं होती, सुंदरराव आणि मुक्ताबाई. सुंदररावांच्या गोठ्यात तीस म्हशी. संस्थेनं आणलेला चारा दुधाच्या मापावर वाटावा, असं त्यांचं म्हणणं. मुक्ताबाईची एकच गाय. ज्यांच्याकडं एक-दोन जनावरं आहेत त्यांना आधी द्या, नाहीतर ती जगणार नाहीत, असं ती म्हणायची. मुक्ताबाईकडं सहा मतं होती. सहावं माझ्या सुनेचं.

शुक्रवारी संध्याकाळी शिवलिंग घरी आला आणि तिला म्हणाला, "उद्याची सभा पुढं गेली. सोमवारी हाय. चल, उद्या कड्यावर जाऊ."

त्याच दुपारी संस्थेच्या फळ्यावर मी निवडीच्या सभेची नोटीस वाचली होती. शनिवार, दुपारी बारा. पण मला वाटलं, नंतर बदलली असेल. किंवा मीच चुकीचं वाचलं असेल. माझं असं होतं.

सकाळी सहाला ती अंगणात बुटाच्या नाड्या बांधत होती. "मामा, चार महिन्यांनी चाललोय!" म्हणाली. एवढं खूश मी तिला संचालक झाल्यावरही पाहिलं नव्हतं. शिवलिंगनं माझ्याकडं पाहिलं आणि लगेच मान खाली घातली. तेव्हा मला कळलं. मी आत जाऊन वर्तमानपत्र उघडलं.

पुढचं तिनं सांगितलं तसं लिहितो.

आधी कड्यावरच्या दोन लहान वाटा चढून झाल्या, मग ती मोठ्या वाटेवर निघाली. कड्याखाली फोन लागत नाही. साडेदहाच्या सुमाराला ती शेवटच्या बोल्टाशी पोचली आणि खिशातला फोन वाजायला लागला. मुक्ताबाई होती.

"कुठं मेलीस गं? बाराला मतदान हाय. समदे यायलेत!"

"मतदान सोमवारी आहे ना?"

"कोण म्हनलं?"

तिनं खाली पाहिलं. शिवलिंग दोर धरून उभा होता.

"खाली सोड मला," ती ओरडली. "सभा आजच आहे."

"थांब जरा. दोर अडकलाय."

दोर अडकलेला नव्हता. तिला वरून सगळा दिसत होता, सरळ, मोकळा.

"शिवा, सोड खाली."

"आता जाऊन बी काय हुणार हाय? सुंदररावांनी जनावरांच्या छावणीचं काम मला द्यायचं ठरवलंय. आपल्या दोघांसाठीच करतोय ना मी? एक तास बस. वारा हाय, सावली हाय."

त्यानं दोर धरायच्या कमरेच्या अवजारात दोर पक्का बांधून टाकला. ना वर, ना खाली. त्याच हाताच्या भरवशावर ती पाच वर्षं चढली होती, आणि त्या हातानं तिला एकदाही पडू दिलं नव्हतं. त्या दिवशीही पडू दिलं नाही. फक्त लटकत ठेवलं.

तिनं कमरेची पट्टी बोल्टात अडकवली, दोराची गाठ सोडली आणि दोर खाली टाकून दिला. शिवलिंग तेव्हा घाबरून ओरडला, "गंगा, येड्यावानी करू नको, सोडतो, सोडतो!" कड्याचा माथा पुरुषभर उंच राहिला होता. पट्टी काढून तेवढा ती दोराशिवाय चढली. पठारावरून चालत रस्त्यावर आली आणि पाण्याच्या टँकरला हात केला.

भरलेला टँकर, घाटाचा रस्ता. ती पोचली तेव्हा पाऊण वाजला होता. पाच-पाच मतं पडून चिठ्ठी निघाली होती, आणि चिठ्ठीत सुंदरराव. ढोल वाजत होता. मुक्ताबाई पायरीवर बसली होती. हिच्या खरचटलेल्या हातांकडं पाहून म्हणाली, "झाली का सहल?"

सुनेनं सगळं सांगितलं, पण कुणी ऐकेना. नवऱ्यानं बायकोला दोरावर टांगून ठेवलं, हे कोण खरं मानणार? विकली गेली, हे समजायला सोपं होतं.

घरी आल्यावर तिनं मला एवढंच विचारलं, "मामा, तुम्हाला ठाऊक होतं?"

मी हो म्हणालो. ती आत गेली आणि कपडे भरायला लागली.

दुधाच्या मापावर चाऱ्याचं पहिलं वाटप झालं त्या दिवशी मुक्ताबाई रांगेच्या शेवटी उभी होती. मी आयुष्यात चार माणसांसमोर बोललेलो नाही. तरी गेलो. रांगेला ऐकू जाईल असं म्हणालो, "सून विकली गेली नाही. पोरानं तिला फसवलं. सभा कधी आहे ते मला माहीत होतं. मी तिला सांगितलं नाही."

सगळे माझ्याकडं बघायला लागले.

"मग त्या दिशी कावून न्हाई बोललात, मास्तर?" मुक्ताबाई म्हणाली. "आज बोलून माझी गाय काय खाणार?"

रांग पुढं सरकली. मुक्ताबाईही सरकली. मी तिथंच उभा राहिलो.