मगरमास्तरांचं चारित्र्य

पोहण्याच्या तलावावर सगळे त्यांना मगरमास्तर म्हणत. नाव मुलांनी ठेवलेलं होतं, पण त्यात अन्याय काही नव्हता. काठावरच्या प्लास्टिकच्या खुर्चीत मास्तर अर्धवट डोळे मिटून पडलेले असायचे. झोप लागली असेल या आशेनं एखादं कार्टं भिंतीच्या चार हात आधीच थांबलं, की खुर्चीतून आवाज यायचा, "परत!" त्यांच्या नजरेतून काही सुटत नाही असा त्यांचा लौकिक होता, आणि तो पसरवण्यात त्यांचा स्वतःचाही बराच हातभार होता.

अशा माणसाकडे पोलिसांचा दाखला मागितला गेला.

मागणारं बाहेरचं कुणी असतं तर मास्तरांनी त्याला कपड्यांसकट खोल पाण्यात उतरवलं असतं. पण मागणारी त्यांची सून होती. ती तलावाच्या कमिटीची सेक्रेटरी. तिचं नाव मास्तरांनीच सुचवलं होतं, कारण घरचं माणूस सेक्रेटरी असलं की बरं असतं असा त्यांचा हिशेब होता. तिनं फळ्यावर नोटीस लावली: मुलांना शिकवणाऱ्या, मदत करणाऱ्या किंवा त्यांच्यासोबत प्रवास करणाऱ्या प्रत्येकानं आपल्यावर कुठला गुन्हा नाही, असा पोलिसांचा दाखला आणून द्यावा. अपवाद नाही. 'अपवाद नाही'खाली लाल रेघ होती. ती रेघ आपल्यासाठीच ओढली आहे असं मास्तरांना वाटलं, आणि त्यांचं बरोबर होतं.

"मी गुन्हेगार आहे का?" त्या दिवशी जेवताना त्यांनी भिंतीकडे बघत विचारलं.

"मला काय माहीत?" त्यांची बायको म्हणाली. "दाखला आणा, म्हणजे कळेल."

"बाबा, तुमच्यावर संशय नाहीये हो," सून म्हणाली. "नियम सगळ्यांना सारखा आहे."

"मला दाखला? अर्धं गाव मी पाण्यावर तरंगायला शिकवलंय! तुमच्या त्या अध्यक्षांना मी कमरेला धरून शिकवलंय. भोकाड पसरलं होतं त्यांनी."

"हे मीटिंगच्या इतिवृत्तात घेऊ का?"

झालं. मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली आणि दुसऱ्या दिवसापासून घरात असहकार सुरू झाला. सुनेशी बोलणं बंद. काही हवं असलं तर निरोप नातीमार्फत जायचा. नात नऊ वर्षांची, आणि या कामात तिला भलताच रस.

"तुझ्या आईला म्हणावं, मीठ दे."

"आई, आजोबा म्हणतात मीठ दे."

"आजोबांना म्हणावं, मीठ त्यांच्या कोपराशी आहे आणि दाखल्याची मुदत संपत आलीये."

"आजोबा, कोपर बघा. आणि मुदत संपत आलीये."

असहकाराचा दुसरा भाग म्हणजे मास्तर तलावावरून एकटेच घरी यायला लागले. एरवी सासरा, सून आणि नात अशी वरात बरोबर निघायची. आता मास्तर शिट्टी खिशात टाकून तरातरा पुढे निघून जायचे आणि सुनेला कागदपत्रांत उशीर व्हायचा. मग नातीला चष्मेवाला आपल्या गाडीतून घरी सोडायचा.

चष्मेवाला म्हणजे बाजारातल्या चष्म्याच्या दुकानात नोकरीला असलेला तिशीतला माणूस. वर्षभरापूर्वी गावात आला आणि एके संध्याकाळी तलावावर येऊन म्हणाला, काही मदत करू का? तेव्हापासून रोज यायचा. मुलांच्या पोहण्याच्या फळ्या गोळा करायचा, तुटलेले गॉगल दुरुस्त करायचा, लांबच्या मुलांना गाडीतून घरोघरी सोडायचा. आईबापांना तो देवमाणूस वाटे. मास्तरांना तर तो माणसांची उत्तम पारख असलेला तरुण वाटे, कारण मास्तरांचं प्रत्येक वाक्य त्याला पटायचं.

"सर, तुमच्याकडे दाखला मागितला?" तो म्हणाला होता. "तुमच्याकडे? उद्या नदीला विचारतील, तू ओली आहेस याचा पुरावा काय!"

हे मास्तरांना इतकं आवडलं, की घरी जाऊन त्यांनी ते बायकोला स्वतःचं म्हणून ऐकवलं.

इकडे बाकीच्यांचे दाखले भराभर यायला लागले. शर्यतीची वेळ मोजणाऱ्या घड्याळबाईंनी तर आपला दाखला प्लास्टिकमध्ये घालून घेतला आणि ज्याला त्याला दाखवत फिरल्या. त्यांच्या चारित्र्याबद्दल इतकं चांगलं आजवर कुणी लिहून दिलं नव्हतं. शेवटी दोघंच राहिले. मास्तर आणि चष्मेवाला.

"तुम्ही नाही तर मीही नाही, सर," चष्मेवाला म्हणाला. "तत्त्वाचा प्रश्न आहे."

मास्तर हरभऱ्याच्या झाडावर आधीच चढले होते. या वाक्यानं ते पार शेंड्याला पोचले.

तिथे बसून मात्र त्यांचा जीव खालीच लागला होता. कारण महिनाअखेरीला परगावी मोठी स्पर्धा होती आणि मुलींच्या रिलेचा यंदाचा संघ त्यांच्या अख्ख्या कारकिर्दीतला सगळ्यात चांगला होता. अशा चार मुली एकाच वेळी मिळायला नशीब लागतं. आणि नोटिशीत स्पष्ट लिहिलं होतं, दाखला नाही तर बसमध्ये जागा नाही. मास्तरांनी प्रवासाची बॅग भरून कपाटामागे लपवून ठेवली होती. बायकोनं ती केव्हाच पाहिली होती आणि तिच्यात त्यांचा विसरलेला दाढीचा ब्रश गुपचूप टाकून ठेवला होता.

मुदतीच्या दिवशी संध्याकाळी कमिटीची बैठक भरली. पंपाच्या वरच्या मजल्यावरची खोली ती. खाली पंप धडधडत असल्यामुळे तिथे साधी गोष्टसुद्धा भांडल्यासारखी बोलावी लागते. अध्यक्ष पेशानं दातांचे डॉक्टर, समोरचा तोंड उघडून गप्प बसेल याची सवय असलेले.

"मला वाटतं, आपण ज्येष्ठ प्रशिक्षकांना सूट देऊ या," ते ओरडून म्हणाले. "मास्तरांना कोण ओळखत नाही?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. मास्तरांनी डोळे आणखी थोडे मिटले आणि छाती थोडी पुढे काढली.

"मुलांना त्रास देणारा माणूस कपाळावर पाटी लावून येत नाही," सून म्हणाली. "तो ओळखीचाच असतो, लाडका असतो. म्हणूनच नियम सगळ्यांना हवा. एकाला सूट दिली की बाकीच्यांना कुठल्या तोंडानं मागणार?"

"अहो, पण हे तुमचे सासरे!"

"हो. म्हणून तर त्यांचा दाखला पहिला यायला हवा होता."

अध्यक्षांनी घसा साफ केला आणि मतं घ्यायचं ठरवलं. तेवढ्यात मागच्या खुर्चीतून चष्मेवाला नम्रपणे उठला.

"सरांना सूट मिळतेच आहे तर एक विनंती. मी सरांच्या हाताखालचा माणूस. माझी हमी सर घेतील. मग वेगळा दाखला कशाला?"

"घेतो की!" मास्तर म्हणाले. झाडाच्या शेंड्यावरून असंच बोलता येतं.

"ठीक आहे," सून म्हणाली आणि तिनं पेन उघडलं. "हमी लिहून घेते. सर, तुमच्याकडे येण्याआधी हे कुठल्या तलावावर होते?"

तिनं सर म्हटलं, बाबा नाही. मास्तरांनी तोंड उघडलं आणि त्यांच्या लक्षात आलं, की आत काहीच नाही.

"कुठेतरी असेल."

"तिथून का आले?"

"नोकरीसाठी."

"इथे त्यांच्या घरी कोण कोण असतं?"

मास्तरांनी खूप आठवून पाहिलं. "चहा बिनसाखरेचा घेतो," ते म्हणाले.

घड्याळबाई फिस्सकन हसल्या आणि आपण एकट्याच हसतोय हे कळल्यावर गप्प झाल्या. मास्तरांनी वळून चष्मेवाल्याकडे पाहिलं. आता हा स्वतः सांगेल, अशी त्यांची अपेक्षा होती. तो चपलेकडे बघत हसत होता.

"होतो एक-दोन तलावांवर. तुम्हाला सांगितलंय की मी, सर."

त्यानं सांगितलं नव्हतं. मास्तर किल्ली विसरायचे, औषध विसरायचे, एकदा लग्नाचा वाढदिवस विसरून त्यांनी भरपूर भोगलं होतं. पण तलावाविषयी ऐकलेलं ते कधी विसरत नसत. कुठल्या तलावाची पायरी निसरडी आहे आणि कुठे भिंत उथळ आहे, हे त्यांना झोपेतही सांगता आलं असतं. हा माणूस खोटं बोलत होता, आणि हसत बोलत होता.

मास्तरांना भीती वाटली. पाण्याची त्यांना कधी वाटली नव्हती, तसली. त्या गाडीच्या काचेमागून ओल्या केसांनी टाटा करणारी नात त्यांना दिसली. रोज दिसायची, आणि रोज आपण रागाच्या तोऱ्यात तशीच जाऊ दिली. आपण फुगून बसलो होतो, आणि आपल्या फुगलेल्या अंगामागे आणखी एक माणूस आरामात उभा होता. नजरेतून काही सुटत नाही म्हणे! मास्तरांना स्वतःची लाज वाटली.

"सूट नको," ते म्हणाले. पंपाच्या वर त्यांचा आवाज सहज गेला. "उद्या सकाळी मी पोलीस स्टेशनला जातो. आणि हा माझ्याबरोबर येईल."

"नक्की, सर," चष्मेवाला म्हणाला.

"आणि आज मुलांना घरी मी सोडणार."

मास्तरांकडे गाडी नव्हती. त्यामुळे त्या संध्याकाळी ओल्या केसांची, कुरकुरणारी मुलं एका रांगेत मास्तरांमागून गावभर चालली आणि एकेका दाराशी एकेक कमी होत गेली. शेवटी नात उरली.

"गाडीत तो काय बोलायचा गं तुमच्याशी?" मास्तरांनी विचारलं. सहज विचारल्यासारखं विचारायचं होतं, पण ते काही जमलं नाही.

"तुमची नक्कल करायचा. असे डोळे मिटून म्हणायचा, परत! आम्ही खूप हसायचो."

"आणखी?"

"आणखी काही नाही. आजोबा, हात किती घट्ट धरलाय!"

मास्तरांना हायसं वाटलं आणि अपमानही झाला, दोन्ही एकदमच. हात त्यांनी सैल केला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पोलीस स्टेशनच्या बाकावर जाऊन बसले. सून न सांगताच बरोबर आली होती. चष्मेवाल्याचा पत्ता नव्हता. बऱ्याच वेळानं मास्तरांचा फोन वाजला. निरोप होता: 'सर, आईची तब्येत अचानक बिघडली. गावी निघालोय. मुलांना सांभाळा.'

मास्तरांनी तो मोबाईल सुनेसमोर धरला.

"त्यांना आई आहे?" तिनं विचारलं.

"मला माहीत नाही, बाळा," मास्तर म्हणाले. कितीतरी दिवसांनी ते तिच्याशी थेट बोलत होते. "कुठलं गाव तेही माहीत नाही."

"दुकानातून माहिती काढते मी. आधी कुठे कुठे होता ते शोधू आणि तिथल्या तलावांना कळवू." तिनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. हा हात आपल्याला मिळायला नको होता, असं मास्तरांना वाटलं.

इतक्यात खिडकीतून त्यांना हाक आली. ते पुढे गेले, तर आतला हवालदार ताडकन उभा राहिला.

"सर! ओळखलंत का? मला तुम्ही खोल पाण्यात ढकललं होतं."

"त्याची तक्रार असेल तर आत्ताच लिहून घे."

"काय सर, चेष्टा करता!" हवालदार खो खो हसला आणि त्यानं अर्ज पुढे ओढला. "तुमचं काय तपासायचं? लहानपणापासून ओळखतो मी तुम्हाला. हा घ्या, शिक्का मारून टाकतो." त्यानं शिक्का शाईवर दाबून वर उचलला.

मास्तरांनी अर्जावर आपला पंजा ठेवला.

"आधी तपास."

"अहो सर, पण मी तुम्हाला ओळखतो!"

"मीही एकाला ओळखत होतो," मास्तर म्हणाले. "तू तपास."