बावीस आटे

तीस वर्षं मी नगरपालिकेत पाणी सोडायचं काम केलं. लांब लोखंडी चावी खांद्यावर टाकायची, रस्त्यातलं झाकण उचलायचं आणि खालच्या व्हॉल्व्हचे आटे मोजून फिरवायचे. खालच्या गल्ल्यांना चौदा आटे पुरत. चढावरच्या गल्लीला बावीस लागत, नाहीतर वरच्या नळांना नुसती हवा यायची. तिथं शेवटच्या घरात माझी धाकटी बहीण राहते. मेहुणे अंथरुणाला खिळलेले. तिच्या मुलांमुळे अख्खी गल्ली मला नळमामा म्हणायची.

या निवडणुकीत सत्ता पालटली. चढावरच्या गल्लीनं मात्र जुन्याच पक्षाला भरभरून मतं दिली होती. नव्या सभापतींनी मला बोलावलं, खुर्ची दिली, चहा पाजला. म्हणाले, काका, तुमच्याइतकं कुणाला ठाऊक नाही, कुठं किती आटे ते लिहून द्या. असं मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. मी फुशारलो. दोन दिवस बसून, एकेक गल्ली आठवत यादी केली. चढावरच्या गल्लीपुढं बावीस लिहिले, पण का ते लिहिलं नाही. म्हटलं, चढ काय, सगळ्यांना दिसतोच.

सभेत तीच यादी वाचली गेली. एकाच गल्लीला बावीस, आणि तिथं पाणीवाल्याची बहीण! जुन्या सत्तेनं केलेले लाड म्हणून सगळे हसले. ठराव झाला, सर्वांना सारखे चौदा. मी चढाचं सांगायला धावलो. सभापती कागद बाजूला सारत म्हणाले, "काका, तुमच्या निवृत्तीला सहाच महिने राहिलेत ना?"

दुसऱ्या दिवशी त्यांचा माणूस शेजारी उभा राहून मोजत होता. चौदाव्या आट्याला मी हात थांबवला.

आठवडाभरानं बहिणीकडे गेलो. दोरीवर मेहुण्यांची चादर न धुताच वाळत घातली होती. पन्नाशी उलटलेली बाई खालच्या नळावरून कळशी आणत होती. मी ठराव, सभा, मोजणारा माणूस, सगळं सांगत बसलो. तिनं ऐकून घेतलं.

"त्यांना शिव्या घालून मी मोकळी झाले असते, दादा. पण यादी तुझ्या अक्षरात आहे म्हणतात."

मी हो म्हणालो.

ती उठली. सवयीनं माझ्यासाठी पेला घेतला, पिंपात वाकून पाहिलं आणि पेला पालथा घालून ठेवला.