मदत करायची नाही

जान्हवीने लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर ठेवला, प्रेमाला त्याच्यासमोर बसवलं आणि मला म्हणाली, "बाबा, तुम्ही मागे बसा. पण आई कितीही अडली तरी मदत करायची नाही. तोंडातून शब्दही काढायचा नाही."

मला ते जड नव्हतं. मी शाळेच्या ग्रंथालयात नोकरी केली. गप्प बसण्याचाच पगार घेतला म्हणा ना.

आमची मुलगी वेबसाइट डिझाइन करते. तिच्या कंपनीचं काम ब्लॉकचेनचं. जगभरचे प्रोग्रॅमर त्या कंपनीच्या साइटवर येतात, तिथलं वाचून आपापले प्रोग्रॅम बनवतात. अडचण अशी होती की ते येत आणि हरवत. हवं ते पान सापडलं नाही की वैतागून निघून जात. ती साइट नव्याने, सोपी करायचं काम जान्हवीकडे आलं होतं.

"प्रोग्रॅमर तर हुशार असतात ना गं?" मी विचारलं होतं.

"हुशार असतात, पण घाईत असतात, बाबा. वाट सापडायला हुशारी लागताच कामा नये."

म्हणून पहिली चाचणी आईवर. जान्हवीचा साहेब मिहिर यावर हसला होता म्हणे. पण प्रेमाइतकं फाडफाड बोलणारं दुसरं माणूस जान्हवीला ठाऊक नव्हतं. प्रेमा अंधेरीला एका कंपनीत टेलिफोन ऑपरेटर होती. साहेब लोकांनाही ती ऐकवायची.

"आधी सांग, ब्लॉकचेन म्हणजे काय?" प्रेमाने चष्मा लावत विचारलं.

"एकच नोंद खूप जणांकडे ठेवायची, आई. प्रत्येकाकडे तिची प्रत. मग एकट्याने त्यात बदल केला तर बाकीचे म्हणतात, नाही, असं नव्हतं."

"म्हणजे आमची कुडाळची आळीच की गो! एकीला सांगितलं की दहा घरांत जाऊन बसलं. पुसायचं कुणी?"

जान्हवी खळखळून हसली. मग तिने काम सांगितलं. "समज, तू प्रोग्रॅमर आहेस. पहिला सराव कुठून सुरू करायचा ते शोध. मनात येईल ते मोठ्याने बोल. आणि चुकलीस तर घाबरू नकोस. आमच्यात नियमच आहे, माणूस अडला तर चूक पानाची, माणसाची नाही."

"ऐकलंत?" प्रेमा मागे वळून मला म्हणाली. "आपल्याला लग्नात कुणी सांगितला नाही हा नियम."

त्या दिवशी तिने साइटची वाट लावली. "एवढी बटणं कशाला? एसटी स्टँडवर पण एवढ्या पाट्या नसतात." "हे अक्षर मुंगीने वाचायचं काय?" शेवटी तिने हवं ते पान शोधून काढलंच. जान्हवीने निम्मी बटणं काढून टाकली आणि ऑफिसात सगळ्यांना ते आवडलं.

मला मात्र त्याआधीपासून काहीतरी टोचत होतं. जान्हवी लहान असताना तिला घेऊन आम्ही आरे कॉलनीत सहलीला गेलो होतो, ती गोष्ट प्रेमा हल्ली सांगायची तेव्हा माझा भाऊ राजेश त्यात असायचा. राजेशने निळा शर्ट घातला होता, राजेशने जान्हवीला खांद्यावर घेतलं होतं. माझ्या आठवणीप्रमाणे राजेश तेव्हा मस्कतला होता. पण आमच्या घरात त्या दिवसाच्या प्रती दोनच, आणि दोघांत फरक पडला की माझीच चुकीची, हे इतक्या वर्षांत ठरून गेलेलं. वाढदिवस, फोन नंबर, कुणाच्या लग्नात काय जेवण होतं, सगळं प्रेमाला विचारायचं. म्हणून मी राजेशलाही सहलीत घेतलं. निळा शर्ट मला दिसूसुद्धा लागला.

दुसरी चाचणी काही आठवड्यांनी झाली. पान आता मोकळं, अक्षरं मोठी. प्रेमाने 'स्टार्ट हिअर' वाचलं, दाबलं, पुढचं पान वाचलं. मग परत पहिल्या पानावर आली. 'स्टार्ट हिअर', ती म्हणाली आणि पुन्हा दाबलं. पुन्हा परत आली.

"मला काय शोधायचं होतं?"

जान्हवी तिच्याकडे बघत राहिली. मी पुढे झुकलो, तर तिने न वळताच हात वर करून मला थांबवलं. मग खाली मान घालून टाइप करू लागली. मी तिच्या खांद्यावरून वाचलं. 'पान लांब आहे. काय शोधतोय ते वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर राहत नाही.'

मी तिला स्वयंपाकघरात गाठलं. प्रेमा बाहेर टीव्ही बघत होती.

"जान्हवी, मला वाटतं, पानाचं नाही गं ते."

"मग कशाचं?"

"आई हल्ली... म्हणजे, मला नक्की सांगता येणार नाही."

"बाबा, तुम्हाला कधी नक्की सांगता आलंय? गॅस बंद केला की नाही ते तीनदा बघता. आई दमली होती. आणि पान खरंच लांब होतं." तिने नळ मोठा सोडला. ताट स्वच्छ होतं तरी घासत राहिली.

मी बाहेर आलो. पान लांब असेलही, असं मलाच वाटू लागलं.

त्यानंतर ती साइट सोपी होत गेली. आपण कुठे आहोत ते प्रत्येक पानावर वर लिहिलं गेलं. मागे जायचा रस्ता ठळक झाला. एका पानावर एकच गोष्ट. प्रेमा जिथे जिथे अडली तिथे तिथे जान्हवीने काहीतरी काढलं किंवा समजावून लिहिलं. प्रेमा पुढच्या वेळी त्याच्या अलीकडेच अडायची. जान्हवी मग तेही सोपं करायची.

साइट सुरू झाली. त्या संध्याकाळी जान्हवी पेढे घेऊन आली. मिहिरने तिला सगळ्यांसमोर शाबासकी दिली होती. परदेशातल्या कुणा प्रोग्रॅमरने लिहिलं होतं की अशा साइटवर आपण न हरवण्याची ही पहिलीच वेळ. हे तिने वाचून दाखवलं, पण आवाजात आनंद नव्हता.

"आई, ये. तुझी साइट बघ."

प्रेमा बसली. पांढरं पान, वर दोन ओळी, मध्ये एक निळं बटण. प्रेमाने पाहिलं. "छान आहे," ती म्हणाली. हात मांडीवरच राहिले.

आम्ही थांबलो. खाली सोसायटीत मुलं सायकली फिरवत होती, घंट्या वाजत होत्या.

प्रेमाने बटणावरची अक्षरं वाचली, सावकाश, बरोबर. मग ती जान्हवीकडे वळली. चेहऱ्यावर परक्या घरी गेल्यावर असतं तसं, अदबीचं हसू. "आता पुढे काय करू गो?"

जान्हवी पडद्याकडे बघत होती. कुठे काय जास्त आहे ते शोधत असावी. पण त्या पानावर काढण्यासारखं काहीच उरलं नव्हतं.

तिने खुर्ची ओढली आणि आईच्या अगदी शेजारी बसली. प्रेमाचा हात उचलून माउसवर ठेवला, त्यावर आपला हात ठेवला, आणि दोघींनी मिळून बटण दाबलं. पुढचं पान उघडलं.

"अगो," प्रेमा दचकून म्हणाली, "मदत करायची नाही ना? तुझा नियम आहे."

ते मात्र तिच्या नीट लक्षात होतं. जान्हवीच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं, पण हात तिने काढला नाही.

"बाबा," माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "डॉक्टरांची वेळ घ्या. आपण तिघंही जाऊ."

"हो," मी म्हणालो. मग, कुणी विचारलं नसताना, म्हणालो, "राजेश नव्हता सहलीला. तो मस्कतला होता."

"होता हो सहलीला," प्रेमा म्हणाली. "निळा शर्ट घातला होता."

जान्हवीने माझ्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच तिच्या नजरेत असं होतं की, तुमचं खरं, बाबा. आयुष्यभर मला ते कुणाकडून तरी ऐकायचं होतं. आणि त्या क्षणी वाटलं, राजेश असायला हवा होता. निळ्या शर्टात, जान्हवीला खांद्यावर घेऊन.